वहिनीचं उडतं पत्र

आमच्या दादाचं लग्न सतरा खोकल्यांमुळे जमलं.

दादा रेडिओ स्टेशनवर टेप कापायचा. त्याला पगारच त्याचा मिळायचा. मोठमोठी माणसं माइकपुढं बसून बोलायची, मधेच अडखळायची, घसा खाकरायची, 'म्हणजे काय की' हे दहा मिनिटांत अकरा वेळा म्हणायची. मग दादा ब्लेड घेऊन टेपमधली ती अडखळ, ती खाकर, ते 'म्हणजे काय की' नेमकं कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं पट्टीनं अशी जोडायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय अस्खलित बोलतात हो! शहरातल्या निम्म्या वक्त्यांची अब्रू दादाच्या ब्लेडवर टिकून होती आणि उरलेल्या निम्म्यांना अजून रेडिओनं बोलावलेलं नव्हतं.

एक दिवस एक किरकोळ अंगाची, चष्मेवाली संशोधक मुलगी यीस्टवर दहा मिनिटं बोलायला आली. सर्दीनं बेजार होती. दहा मिनिटांत सतरा वेळा खोकली. रेकॉर्डिंग संपल्यावर इतर वक्ते विचारतात तसं 'कसं झालं?' किंवा 'कधी लागणार?' असलं काही तिनं विचारलं नाही. म्हणाली, "खोकले कापाल ना?"

"कापणार."

"मी बघत बसले तर चालेल?"

दादाला चाललं. त्याचं काम बघत बसावं असं तोवर कुणाला वाटलंच नव्हतं, आम्हालाही नाही. ती दोन तास स्टुलावर बसून होती. शेवटी तिनं विचारलं, "कुठून कुठपर्यंत कापायचं, हे तुम्हाला कळतं कसं?"

"कानाला कळतं. खोकल्याच्या आधी एक श्वास येतो, नंतर एक बारीकशी शांतता. त्या दोन खुणांच्या मधलं काढायचं. केसभर चुकलं तरी पुढचा शब्द लंगडतो."

ती ताडकन उभी राहिली. "अहो, हेच! अगदी हेच पेशीत चालतं!"

पेशीत काय चालतं याची दादाला गंधवार्ता नव्हती, पण आपल्यासारखं काम आणखी कुठंतरी चालतं हे ऐकून त्याला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आणि हे कापलेले तुकडे?"

"केरात."

"मला द्याल?"

सतरा खोकले पाकिटात भरून ती घेऊन गेली. पुढं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोक फुलं देतात. आमच्या थोरल्यानं हिला हिचाच खोकला दिला."

वहिनी घरात आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तोवर मला 'ए' आणि 'गाढवा' याखेरीज हाक नव्हती. वहिनी पहिल्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, जरा ती खुर्ची सरकवता का?" मी मागं वळून पाहिलं, कोण भाऊजी आलेत म्हणून. त्या एका 'सरकवता'वर मी तिचा कायमचा गुलाम झालो. नंतर आयुष्यभर मी तिच्या खुर्च्या, खोकी, बाटल्या आणि एकदा बर्फात घातलेला यीस्टचा डबा उचलला आहे.

तिचं काम मला समजावं असं तिला मनापासून वाटायचं, आणि ते कुणालाही समजेल असा तिचा समज होता. "डीएनए म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवलेली मूळ टेप," ती भाजी निवडता निवडता सांगायची. "ती कुणी बाहेर काढत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल काढायची. ती नक्कल म्हणजे आरएनए. पण गंमत अशी, की नकलेत मधेमधे खोकले असतात. ते कापायचे, टोकं जोडायची, मग नक्कल कामावर पाठवायची. या कापाजोडीला स्प्लायसिंग म्हणायचं."

"कापतं कोण?"

"तेच तर बघतेय. तिथं तुमचे दादा नाहीत."

"नशीब त्याचं," आई म्हणाली. "असता तर जेवायलासुद्धा आला नसता."

हे झालं कापणं. दुसरी भानगड उडण्याची. ती कळायला मला शाळेत आलेलं एक पत्र कारणीभूत झालं. 'हे पत्र मिळताच याच्या एकवीस प्रती काढून एकवीस जणांना पाठवा. एका व्यापाऱ्यानं पाठवल्या, त्याला खजिना सापडला. एका शिक्षकानं पत्र फाडलं, त्याचे दात पडले.' आईनं ते वाचून आधी माझे दात तपासले आणि मग वही पुढं केली, "लिही बाबा. एकवीसच तर लिहायचीत."

वहिनीनं ते पत्र हातात घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. "भाऊजी, या पत्रात मजकूर काय आहे?"

"काहीच नाही."

"एवढाच, की माझी नक्कल काढा! बातमी नाही, निरोप नाही, खुशाली नाही. आणि तरी बघा, घरोघर पोचलंय. डीएनएमध्ये अशी पत्रं शेकड्यांनी पडलेली असतात. काहींची अजून नक्कल निघते आणि ती नक्कल दुसऱ्याच कुठल्या पानावर जाऊन चिकटते. याला आम्ही उडी म्हणतो."

"मग दात पडतात का?" आईनं विचारलं.

"एखादेवेळी पडतात, आई. चांगल्या मजकुरावर जाऊन चिकटलं तर तो मजकूर बिघडतो. पण बहुतेक पत्रं नुसती पडून असतात. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांसारखी," आई म्हणाली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

पुढं वहिनीला विद्यापीठात स्वतःची लॅब मिळाली आणि तिनं या दोन्ही भानगडींची गाठ मारली. सडक्या फळावरून आणलेल्या एका रानटी यीस्टमध्ये तिला एक पत्र सापडलं. ते उडतं का? आणि उडत असेल तर आरएनएच्या वाटेनं उडतं का? आता पेशीच्या आत शिरून बघणार कोण? वहिनीनं युक्ती केली. तिनं त्या पत्रात मुद्दाम एक खोकला घातला. पत्र जागच्या जागी राहिलं, तर खोकला तसाच राहणार. नक्कल निघाली, तर कापाकापीच्या खोलीतून जाताना खोकला गळणार. तेव्हा नव्या पानावर बिनखोकल्याचं पत्र दिसलं, की समजावं, स्वारी आरएनएच्या वाटेनं गेली. शिवाय तिनं अशी सोय केली, की ज्या पेशीत बिनखोकल्याचं पत्र बसेल तीच पेशी एका खास उपाशी ठेवलेल्या प्लेटीत, म्हणजे जेलीसारखं अपुरं अन्न ओतलेल्या चपट्या बशीत, वाढावी. उडी मारली तर जगाल, नाही तर राहा उपाशी. प्लेटीवर पांढरा ठिपका उठला, की एक उडी झाली.

ठिपके उठले. पहिल्या दिवशी एकतीस. वहिनी घरी आली ती चपला घालूनच स्वयंपाकघरात शिरली आणि आईला मिठी मारली. आई पातेलं सांभाळत म्हणाली, "अगं हो, पण कोण पास झालं?"

त्यावर पेपर छापून आला. मग आणखी चार. अकरा वर्षं वहिनी ते ठिपके मोजत राहिली. हातात बसगाड्यांचे प्रवासी मोजतात तसलं टिकटिक करणारं यंत्र आणि तोंडानं पुटपुट. घरीही सवय सुटली नव्हती. जेवताना वाटाणे मोजायची.

तिची लॅब तळघरात होती. एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत. कोण आलं हे वहिनी बुटांवरून ओळखायची. भिंतीला इन्क्युबेटर उभा होता. प्लेटी उबेत ठेवायचं कपड्यांच्या कपाटाएवढं ते धूड कुठल्याशा दवाखान्यानं टाकून दिलेलं होतं. वर तापायची कॉइल, वरच थर्मामीटर आणि दारावर लटकवलेला तक्ता. येईल त्यानं थर्मामीटर बघायचा आणि तक्त्यात आकडा मांडायचा. अकरा वर्षांच्या तक्त्यांत अक्षरं दहा माणसांची होती, आकडा एकच होता: तीस.

आणि लॅबमध्ये काचमावशी होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी कॅशियर घ्यायचा, एरवी त्या काचमावशीच. बाटल्या, नळ्या, चंचुपात्रं, काचेचं जे जे असेल ते धुवायचं हे त्यांचं काम, आणि ते त्या वहिनी येण्याच्या आधीपासून, एकोणीस वर्षं करत होत्या. त्यांची परीक्षा कडक. धुतलेली बाटली उजेडाकडं धरायची. पाणी चादरीसारखं सरसर उतरलं तर स्वच्छ. कुठं थेंब धरून बसलं, की "ही अजून घाणच आहे," म्हणून परत साबणात. नव्या विद्यार्थ्यांनी स्वतः धुतलेली बाटली दाखवली, की म्हणायच्या, "पाणी पाजलंत वाटतं हिला. आता आंघोळ घाला." वहिनीशिवाय त्या कुणाला मानत नसत, आणि वहिनीलाही अधूनमधूनच.

अकराव्या वर्षी पलीकडच्या देशातल्या एका प्रोफेसरांचं पत्र आलं. मोठे गृहस्थ, याच विषयातले. भाषा अतिशय सभ्य. असल्या पत्रांत सभ्यता जितकी जास्त तितका मार मोठा, असं वहिनी म्हणायची. मजकूर असा: तुमच्या कामाचं आम्हाला फार कौतुक. तुम्ही दिलेल्या रीतीनं, तुम्ही पाठवलेलंच यीस्ट घेऊन, तीस डिग्रीला, आम्ही हा प्रयोग आठ वेळा केला. ठिपके शून्य. काही सुचवाल का? वर्षअखेर आम्हाला आमचे निष्कर्ष छापावे लागतील.

"म्हणजे काय गं?" आईनं विचारलं.

"म्हणजे मी अकरा वर्षं जे पाहिलं ते नव्हतंच, असं ते छापणार."

"छापू दे! तू पाहिलंस ना डोळ्यांनी?"

"आई, मी एकटीनं पाहून भागत नाही. दुसऱ्याला दिसलं तरच ते आहे."

आई दादाला म्हणाली, "बघ. तुझी बायको शेजाऱ्यांच्या साक्षीशिवाय काही खरं धरत नाही, आणि तू मात्र ती सांगेल ते."

वहिनीनं सगळ्या वह्या काढल्या. प्रयोग पुन्हा करून बघितला. ठिपके आले. पलीकडं कळवलं. त्यांनी नवव्यांदा केला. शून्य. आता एकच शक्यता उरली होती, आणि ती वहिनीनं स्वतःच बोलून दाखवली: आपल्या लॅबमध्ये कुठंतरी घाण आहे. न धुतलेली एखादी नळी, कुठलं तरी परकं यीस्ट येऊन पडतं, आणि ते आपण उडी म्हणून मोजतो. तसं असेल तर पाचही पेपर खोटे.

मग तिनं ठरवलं, हा प्रयोग एकदा फक्त आपल्या दोन हातांनी करायचा. नवी काच, सीलबंद पाकिटातल्या प्लेटी. इन्क्युबेटर आतून स्पिरिटनं पुसून काढला, फळीवरचा पाण्याचा जुना ट्रेसुद्धा बाहेर काढून ठेवला. आणि काचमावशींना सांगितलं, "मावशी, दोन आठवडे तुम्ही सुट्टी घ्या."

"मी काय केलं?"

"काही नाही हो. पण माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नकोय."

मावशींनी ॲप्रन काढला, चार घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "एकोणीस वर्षं लागला, तेव्हा नाही टोचला." आणि गेल्या. वहिनी घरी येऊन सांगताना दोनदा म्हणाली, "मी वाईट बोलले नाही ना?" आम्ही दोनदा 'नाही' म्हणालो, आणि दोन्ही वेळा ते तिला पटलं नाही.

दोन आठवड्यांनी तिनं प्लेटी काढल्या. ठिपके शून्य. यीस्ट जिवंत होतं, पोटभर अन्नाच्या प्लेटीत झकास वाढलं होतं. उडीच तेवढी नव्हती. पलीकडच्या प्रोफेसरांच्या शून्यात वहिनीचं स्वतःचं शून्य मिळालं.

घरी ती रडली वगैरे नाही. रडली असती तर आम्हाला हुरूप आला असता. ती अतिशय नीट वागू लागली. वाटाणे न मोजता जेवली. आईला म्हणाली, "भाजी छान झालीय." आईनं घाबरून दादाकडं पाहिलं, कारण लग्न झाल्यापासून वहिनीनं भाजीकडं कधी लक्षच दिलेलं नव्हतं. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, तीन दिवस झाले, तिनं चष्मा शोधला नाही. रोज तो जागच्या जागी असतो. मला भीती वाटते."

चौथ्या दिवशी तिनं पेपर मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं. पाचही. पानभरसुद्धा नव्हतं. ते दादाच्या हातात दिलं. "यात कापण्यासारखं काही दिसतं का?"

दादानं दोनदा वाचलं. "नाही. एक शब्द जास्त नाही. म्हणून तर मला ते आवडलं नाही."

"आवडायला लिहिलंच नाहीये."

"अगं, एक आठवडा थांब."

"कशासाठी? त्या शून्याला पालवी फुटणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी पत्र टाकायचं होतं. ते रजिस्टर करायचं म्हणून आधी लॅबमधून शिक्का घ्यायचा. दादाला तिच्याबरोबर जायचा धीर नव्हता. त्यानं मला पाठवलं. "तू जा. तू सोबत असलास की ती बोलते तरी." मला काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी तिची पिशवी उचलली.

लॅबमध्ये काचमावशी आलेल्या होत्या. सुट्टी संपून चार दिवस झाले तरी बोलावणं आलं नव्हतं, म्हणून आज आपणहून आल्या होत्या. वहिनीच्या त्या प्लेटी त्यांनी सिंकजवळ घासायला म्हणून ओढल्या होत्या आणि एक हातात धरून उजेडाकडं बघत होत्या. आमच्याकडं पाठ होती. पाठच बोलली.

"बाई, ही काय अवस्था केलीत प्लेटींची?"

वहिनी शिक्का शोधत होती. "कसली अवस्था?"

"वाळून चामडं झालंय. कडा सुटल्यात. ही बघा, मधून तडकलीय."

"तीस डिग्रीत दोन आठवडे ठेवल्या की वाळणारच, मावशी."

मावशी वळल्या. दोन आठवड्यांचा राग त्यांनी कपड्यांत घडी घालून ठेवलेला असावा, तो त्यांनी आता झटकला. "माझ्या वाळल्या कधी? एकोणीस वर्षांत एक वाळलेली दाखवा! माणसाला घरी बसवायचं, ट्रे बाहेर काढून टाकायचा, आणि वर म्हणायचं वाळणारच. पाणी कोण ठेवतं?"

"ट्रेमध्ये पाणी असतं हे माहितीय मला," वहिनी म्हणाली. "सगळेच ठेवतात, हवा ओली राहावी म्हणून. मी घाण नको म्हणून—"

"घाण? कोल्डरूममधलं शुद्ध पाणी असतं ते! नळाचं ठेवलं होतं तेव्हा बुरशी आली म्हणून तुम्हीच पहिल्या वर्षी ओरडला होतात. तेव्हापासून थंडगार कॅन काढते आणि ट्रे काठोकाठ भरते. सकाळी आल्या आल्या आणि संध्याकाळी जाताना. त्यात जाळी, जाळीवर प्लेटी. हात गारठतात माझे."

वहिनीचा हात शिक्क्यावरच थांबला. "थंडगार?"

"मग काय चहा ओतू?"

"मावशी, तुम्ही रोज दोन वेळा, इन्क्युबेटरमध्ये, प्लेटींच्या खाली, कोल्डरूमचं पाणी ठेवता?"

"सुट्टीच्या दिवशी वॉचमनला सांगून जाते," मावशी म्हणाल्या. आपलं काही चुकलं की काय, अशी पहिली शंका आत्ता त्यांच्या आवाजात आली. "का? नको होतं?"

वहिनीनं चष्मा शोधायला सुरुवात केली. तो डोळ्यांवर होता. मग कपाटातून लांब थर्मामीटर काढला आणि म्हणाली, "ट्रे लावा. रोज लावता तस्सा."

मावशींनी कॅन आणला, ट्रे भरला, जाळी ठेवली. वहिनीनं थर्मामीटर जाळीवर आडवा ठेवला, दार लावलं आणि आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. ऑपरेशन चालू असताना नातेवाईक उभे राहतात तसे. वरच्या खिडकीतून पाय येत होते, जात होते. पाऊण तास असाच गेला. मधे मावशी एकदा म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर गरम ठेवलं असतं."

दार उघडलं. वरचा थर्मामीटर: तीस. जाळीवरचा वहिनीनं वाचला, पुसला, परत वाचला. "भाऊजी, तुम्ही वाचा. मला विश्वास नाही माझा."

मी वाचला. "बावीस."

"मावशी, तुम्ही?"

"चष्मा नाही माझ्याकडं. पण ते सांगतायत तर असेल बावीस."

वहिनी स्टुलावर बसली. "अकरा वर्षं मी वरच्या फळीचं तापमान लिहिलं," ती हळूच म्हणाली, "आणि खालच्या फळीवर प्रयोग केला."

पत्र त्या दिवशी पोस्टात गेलं नाही. नवीन प्लेटी घातल्या. काही बावीसला, काही तिसाला, यावेळी थर्मामीटर प्रत्येक फळीवर. काच मावशींनी धुतली, वहिनीनं मुद्दाम सांगून. आठवड्यानं बावीसच्या प्लेटी उघडल्या, तर ठिपकेच ठिपके. तिसाच्या प्लेटी कोऱ्या. पत्र उडत होतं. फक्त त्याला ऊब मानवत नव्हती. थंडी वाजली की उठायचं. मी म्हणालो, "आमच्या बाबांचं उलट आहे." पण वहिनीचं लक्ष नव्हतं. ती टिकटिक मोजत होती.

तरी अजून अर्धंच सुटलं होतं. उडी आपल्या तळघरात परत दिसली, पण पलीकडच्यांना अजून दिसायची होती. आणि त्यांना सांगायचं म्हणजे अकरा वर्षं आकडा चुकीचा लिहिला हे आधी छापायला हवं. विभागप्रमुख चांगला माणूस होता. त्यानं वहिनीला बोलावून खुर्ची दिली. "चूक असा शब्द कशाला, मॅडम? 'अधिक अनुकूल तापमान आढळले' असं लिहू. अर्थ तोच."

"तोच नाही, सर. तीस कमी अनुकूल नव्हतं. तीस नव्हतंच. मी तीस लिहिलं म्हणून एका माणसानं नऊ वेळा प्रयोग केला आणि नऊ वेळा त्याला वाटलं, एक तर मी खोटी किंवा तो आंधळा."

तिनं सरळ लिहिलं: तापमान चुकीचं नोंदलं गेलं, चूक माझी. आणि शेवटी, थंड पाण्याची बाब काचमावशींमुळे लक्षात आली असं म्हणून त्यांचं पूर्ण नाव घातलं. ते वाचून दाखवायला ती कौतुकानं तळघरात गेली. मावशींनी नीट ऐकलं. म्हणाल्या, "हा कागद कशाचा?"

"चुकीच्या दुरुस्तीचा."

"वा! एकोणीस वर्षं कामं बरोबर केली तेव्हा कुठल्या कागदावर नाव नाही. चूक झाली आणि लगेच नाव?"

वहिनीला आधी हसू आलं आणि मग ते विरलं, कारण मावशींना हसू आलेलं नव्हतं. तिनं तिथंच पेन काढून ती ओळ खोडली. म्हणाली, "थंडीमुळं पत्र उडतं, हा नवा पेपर होईल. त्यात तुमचं नाव लेखकांत. माझ्याबरोबर."

"लेखक? मला सही जेमतेम येते."

"मला तरी कुठं थर्मामीटर वाचता आला?"

मावशींनी बाटली उजेडाकडं धरली. पाणी चादरीसारखं उतरलं. "बघा बुवा," त्या म्हणाल्या. "पण नाव नीट लिहा. कॅशियर नेहमी चुकतो."

मग वाट बघणं आलं. दुरुस्ती छापून आली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. काहींनी तोंडावर, बऱ्याच जणांनी दादाला. "तुमच्या मिसेसचं ते काहीतरी चुकलं म्हणे?" दादा म्हणायचा, "हो. आकडा चुकला. बाई बरोबर आहे." वहिनी मात्र पोस्टमनच्या वेळेला काही ना काही कारणानं दारात असायची. पलीकडं दहाव्यांदा शून्य आलं तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, आणि सगळे त्याच्याच भोवतीनं वावरत होते.

सव्वादोन महिन्यांनी पाकीट आलं. दुपारची वेळ, सगळे घरात. वहिनीनं ते फोडलं नाही. दादाला दिलं. दादानं ब्लेड शोधलं आणि कड इतकी हळू कापली, की आई म्हणाली, "अरे, पत्र आहे ते, जखम नाही."

दादानं वाचायला घेतलं. सुरुवातीची सभ्यता दीड ओळ, म्हणजे पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी. मग: आपल्या सूचनेप्रमाणे प्रयोग केला. ठिपके दोनशे सहा. खोकला एकातही नाही. आपली उडी खरी आहे.

वहिनी भिंतीला टेकली. आईनं तिचा हात धरला. "दिसलं ना शेजाऱ्यांना?"

"दिसलं, आई."

"मग रडतेस काय, वेडे?"

"थांबा, पुढं आहे," दादा म्हणाला. "'मात्र सर्वांत जास्त ठिपके आम्हाला बावीसला नव्हे, एकोणीसला मिळाले. बावीस हा आकडा आपण पुन्हा तपासावा, असे नम्रपणे सुचवतो.'"

वहिनीनं डोळे पुसले. कागद दादाच्या हातातून ओढून घेतला, स्वतः वाचला, आणि तिचा आवाज कित्येक महिन्यांनी चढला. "एकोणीस? शक्यच नाही! एकोणीसला यीस्ट निम्म्या वेगानं वाढतं. त्यांनी दिवस जास्त दिले असणार, म्हणून ठिपके जास्त! आता या माणसाला सांगितलंच पाहिजे. भाऊजी, कागद द्या. अहो, माझा चष्मा कुठंय?"